एकदा दिलेले, सालोसाल पुरलेले: कोल्हापूरच्या बोर्डिंगांची गोष्ट

कोल्हापूरच्या शुक्रवार दरवाज्याजवळच्या जैन मंदिरात एक जुना शिलालेख आहे. शके १०६५ चा, म्हणजे इ.स. ११४३ चा. त्या वेळी इथे शिलाहार विजयादित्याचे राज्य होते आणि त्याचा मुक्काम वळवाडला होता. सामंत कामदेवाच्या पदरी असलेल्या वासुदेव नावाच्या माणसाने हाविन-हेरिलगे या गावी पार्श्वनाथाची बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधली. हे गाव म्हणजे हातकणंगले तालुक्यातले आजचे हेर्ले. त्या बसदीसाठी राजाने कुंडी प्रांताच्या मापाने पाव निवर्तन शेत आणि बारा हातांचे घर दिले, आणि ते माघनंदींचे शिष्य माणिक्यनंदी पंडित यांच्या हवाली केले. उत्पन्न कशावर खर्च करायचे, तेही दगडावर कोरले आहे: देवाची अष्टविध पूजा, इमारतीची डागडुजी आणि तिथे राहणाऱ्या मुनींचे जेवण.

आज एखादा वकील ट्रस्टचे दानपत्र लिहायला बसला तर यापेक्षा फार वेगळे काही लिहिणार नाही. उत्पन्न देणारी मालमत्ता आहे, खर्चाची ठरलेली कलमे आहेत, सांभाळणाऱ्याचे नाव आहे. मला सगळ्यात शहाणे वाटते ते मधले कलम. देवळे, शाळा, दवाखाने बांधायला माणसे पुढे येतात, कारण बांधलेले दिसते. पन्नास वर्षांनी गळणारे छत शाकारायला पैसा कुठून येणार, हा विचार देताना क्वचितच होतो. बाराव्या शतकातल्या या दानात तो झालेला आहे.

शिलाहारांच्या काळात दुसरी एक पद्धतही इथे रुळलेली होती. सामंत निंबदेवाने बांधलेल्या पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी व्यापाऱ्यांच्या संघाने बाजारात येणाऱ्या मालावर थोडा थोडा कर लावून घेतला आणि तो देवालयाला लावून दिला. राजाने शेत दिले, बाजाराने पट्टी दिली. जमिनीचे उत्पन्न पावसावर, पट्टीचे उत्पन्न व्यापारावर. कोल्हापूरच्या सार्वजनिक संस्था पुढची आठशे वर्षे या दोन पायांवरच चालत आल्या, आणि हे पाय कधी भक्कम राहिले व कधी लुळे पडले यातच या लेखाची गोष्ट आहे.

मराठेशाहीत आणि पुढे करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात दानाचे मुख्य रूप इनामाचे होते. देवस्थान इनाम, मठांची इनामे, मशिदी-दर्ग्यांची इनामे, भटजी-पुजारी-काझींची इनामे. अंबाबाईपासून खेड्यातल्या म्हसोबापर्यंत देवाच्या नावे जमिनी होत्या. मात्र इनाम ही सरकारच्या मर्जीची आणि चाकरीच्या अटीची गोष्ट होती. वेदोक्त प्रकरणात हे सगळ्यांना दिसले. पंचगंगेच्या घाटावर छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्त नव्हे तर शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे १८९९ मध्ये उघड झाले, वाद पेटला, राजोपाध्यांनी वेदोक्ताला नकार दिला आणि १९०२ मध्ये दरबाराने त्यांची इनामे खालसा केली. त्या निर्णयामागचा न्याय मला पूर्ण पटतो. तरी त्यातून एक गोष्ट कळते की जे दरबाराच्या हुकमाने मिळाले ते हुकमाने परत जाऊ शकत होते. छत्रपती शाहू महाराजांनी शिक्षणासाठी जी व्यवस्था उभी केली ती याच इनामाच्या परंपरेतून आली, पण ती त्यांनी वेगळ्या बेताने घडवली.

कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, म्हणजेच शाहू महाराज, १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती कारभार आला. तेव्हा कोल्हापुरात राजाराम हायस्कूल होते, कॉलेज होते. खेड्यातल्या कुणब्याच्या मुलाला तिथे शिकायला मज्जाव नव्हता. अडचण वर्गाबाहेर होती. मुलगा गावाहून आला तर राहणार कुठे आणि जेवणार काय? ब्राह्मण मुलांसाठी याचे उत्तर पूर्वीपासून तयार होते. माधुकरी होती, वार लावून जेवण्याची चाल होती, ओळखीच्या वाड्यात ओसरीवर पथारी पसरता येत होती. या घरी सोमवार, त्या घरी मंगळवार, असे आठवड्याचे सात वार लागले की गरीब मुलगाही मॅट्रिकपर्यंत पोचत असे. शहरातल्या ब्राह्मण कुटुंबांनी आपल्या ताटातून पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला तो एक न लिहिलेला धर्मादायच होता, आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी यांच्या मुलांना तो उपलब्ध नव्हता आणि अस्पृश्यांच्या मुलांना तर उंबऱ्याशीही उभे राहता येत नव्हते.

महाराजांचा पहिला प्रयत्न १८९६ मधला. राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. हेतू निर्मळ होता, पैसा दरबारचा होता, दार सर्वांना उघडे होते. थोड्याच काळात ते वसतिगृह जवळजवळ ब्राह्मण मुलांचेच झाले. व्यवस्थेत बसलेली माणसे एका समाजाची, स्वयंपाक आणि पंगत त्यांच्या रीतीची, आणि शहरात पोचलेली मुलेही मुख्यतः त्याच समाजाची. दान कोणासाठी आहे हे नीट बांधले नाही आणि चालवणाऱ्यांचा त्या मुलांशी जिव्हाळा नसला, तर पैसा आपोआप आधीच्याच वाटेने वाहतो, हे त्यातून दिसले. १८९९ मध्ये पां. चिं. पाटील हा मराठा विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा महाराजांनी त्याच्याकडून शहरातल्या राहण्या-जेवण्याच्या हालांची चौकशी केली. पुढची योजना आकाराला येण्यात त्या बोलण्याचाही वाटा होता.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. व्हिक्टोरिया राणी त्याच वर्षी २२ जानेवारीला वारली होती. तिच्या स्मरणार्थ संस्था काढण्यात राजनिष्ठा होती आणि हिशेबही होता. संस्थानावर इंग्रजांची देखरेख होती. राणीच्या नावाच्या संस्थेवरचा खर्च उधळपट्टी आहे असे म्हणणे कुठल्याही इंग्रज अधिकाऱ्याला जड गेले असते. पुढे गव्हर्नरच्या मुलीच्या नावाने निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या नावातही मला तीच दूरदृष्टी दिसते.

मराठा बोर्डिंगमागोमाग त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग आले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्येच स्थापन झाली होती आणि अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे शिकलेले तरुण तिच्या कामात होते. हेच लठ्ठे पुढे संस्थानचे दिवाण झाले, मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले आणि त्यांनी महाराजांचे चरित्रही लिहिले. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये दैवज्ञ बोर्डिंग, शिंपी समाजाचे नामदेव बोर्डिंग आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे सारस्वत, पांचाळ, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, देवांग, नाभिक. महाराज गेले तेव्हा वसतिगृहांची संख्या विसाच्या पुढे गेली होती.

यादी मोठी आहे, पण खरी गोम पैसा कसा दिला गेला यात आहे. साधारण रीत अशी: आधी त्या समाजाच्या पुढाऱ्यांना बोलावून संस्था स्थापन करायला लावायची. त्यांनी आपसांत वर्गणी काढायची. मग दरबाराने जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, शेतजमीन लावून द्यायची, सालीना रक्कम बांधून द्यायची. मुस्लिम बोर्डिंगचे उदाहरण मला सगळ्यात बोलके वाटते. मुसलमान समाजातून पुढाकार घ्यायला माणसे कमी पडत आहेत हे पाहून महाराज स्वतःच त्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष झाले. चौफाळ्याच्या माळावर जागा दिली, बांधकामाला रोख मदत आणि संस्थानच्या जंगलातले लाकूड दिले. त्यावर आणखी एक केले. रुकडीसारख्या ठिकाणच्या दर्ग्यांच्या उत्पन्नातला वाटा बोर्डिंगकडे वळवला. म्हणजे कोणे काळी कुण्या भाविकाने पिराच्या दिव्याबत्तीसाठी लावून दिलेली जमीन आता पोरांच्या भाकरीलाही उपयोगी पडू लागली. नवा पैसा उभा करायचा म्हणजे रयतेवर नवी पट्टी बसवायची. त्यापेक्षा आधीच धर्माच्या नावाने बाजूला काढलेले आणि अनेक ठिकाणी मूठभरांच्या घरात जिरत असलेले उत्पन्न त्या समाजाच्याच मुलांकडे नेणे हा जास्त न्याय्य मार्ग होता.

१९१७ च्या जुलैमध्ये हेच धोरण व्यापक झाले आणि देवस्थानांच्या उत्पन्नातून शिक्षणासाठी पैसा काढण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. जुन्या दात्यांच्या इच्छेशी हे सुसंगत होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो विचारण्यासारखाच आहे. मेलेल्या माणसाने पूजेसाठी ठेवलेला पैसा शाळेला लावायचा अधिकार जिवंत माणसाला आहे का? माझे मत असे की पूजा चालू राहून जे उरते त्यावर तो आहे. हेर्ल्याच्या दानातसुद्धा पूजेबरोबर अन्न होतेच.

मिस क्लार्क बोर्डिंगची कथा वेगळी आहे. जैनांच्या मागे व्यापारी होते, लिंगायतांच्या मागे पेठा आणि मठ होते, मराठ्यांच्या मागे सरदार-जहागीरदार होते. अस्पृश्य समाजाकडे वर्गणी काढायला पैसा कुठला? इथे दरबारानेच जास्त भार उचलावा लागला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची मुलगी व्हायोलेट हिच्या नावाने ते सुरू झाले. ती बिचारी पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, वारली आणि नाव स्मारक होऊन बसले. श्रीमंत समाजाची संस्था दात्याच्या मागेही उभी राहू शकते, कारण नवे दाते तिच्याच पंगतीतून निघतात. ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्यासाठी कायमचा निधी सर्वांत मोठा हवा, आणि नेमका तिथेच तो उभा करणे सर्वांत कठीण असते. आजही लहान संस्थांच्या बाबतीत हे तसेच आहे.

याच बोर्डिंगच्या उद्घाटनातून एक ठिणगी उडाली. कुंभोजचा एक जैन मुलगा, भाऊराव पायगोंडा पाटील, तेव्हा जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. अस्पृश्यांच्या बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला. बोर्डिंगची व्यवस्था पाहणाऱ्या लठ्ठ्यांनी त्याला तिथून काढले. त्याला आसरा मिळाला तो महाराजांकडे. शिस्तीचा बडगा उगारणारे लठ्ठे काही प्रतिगामी माणूस नव्हते. पण त्यांची संस्था जैन समाजाच्या पैशावर चालत होती आणि त्या समाजाच्या सोवळ्याओवळ्याची मर्यादा तिला पाळावी लागत होती. दान घेणाऱ्या संस्थेला दात्याचा पैसा मिळतो तशी त्याची कुंपणेही मिळतात. जातवार बोर्डिंगांवरचा हा खरा आक्षेप आहे. महाराजांना तो कळत नव्हता असे नाही. सर्वांसाठीचे वसतिगृह १८९६ मध्ये काढून पाहिले होते आणि त्याचे काय झाले हे डोळ्यांपुढे होते. ज्या काळी पंगतच एक होत नव्हती त्या काळी पोरांना आधी शाळेपर्यंत पोचवायचे, हा त्यांचा निर्णय होता. निकाल पाहता तो मला बरोबर वाटतो.

१२ जून १९१८ रोजी महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. वय अवघे एकोणीस. लग्नाला एकच वर्ष झाले होते. या घावातून महाराज कधी पुरते सावरले नाहीत. पण त्या दुःखातून दोन कामे उभी राहिली. विधवा सून इंदुमतीदेवी यांना त्यांनी विरोध सोसून शिकवले, आणि १९२० मध्ये मुलाच्या नावाने प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाउस काढले, गरीब मुलांसाठी विनाशुल्क. गेलेल्या माणसामागे सार्वजनिक संस्थेला काही लावून देण्याची चाल आपल्याकडे आहेच. श्राद्धाच्या दिवशी अन्नदान, देवळात कायमचा अभिषेक, शाळेत ठेव पारितोषिक. या बोर्डिंगमध्ये तीच भावना मोठ्या प्रमाणावर दिसते. संस्था टिकली, वाढली आणि पुढे तिने न्यू कॉलेजसारखी महाविद्यालयेही चालवली.

महाराजांनी एकरकमी मदतही भरपूर केली. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा महाराजांनी २,५०० रुपये दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण पाक्षिकाला दर पंधरवड्याला कागद, छपाई, टपाल लागते. १९२३ पर्यंत ते बंद पडले. त्याने वर्ष-दोन वर्षांत जे जागवले त्याचे मोल पैशात होत नाही, म्हणून ते दान वाया गेले असे कोणी म्हणू नये. मात्र त्याच दात्याच्या हातून जमिनीसकट उभी राहिलेली बोर्डिंगे ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाल्यानंतरही चालू राहिली. पुढे गादीवर आलेल्या राजाराम महाराजांनी त्यांना आधार दिला हे खरेच. तरीही रोजचे दोन घास नव्या राजाच्या मनावर अवलंबून नव्हते, हा फरक मोठा होता.

याच सुमारास पुण्यात कायम निधीची दुसरी बाजू उघडी पडत होती. धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये आईच्या नावाने पंधरा लाख रुपये देऊ केले. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांचे वर्षाला ५२,५०० रुपये व्याज विद्यापीठाला मिळायचे. लहान लहान वर्गण्यांवर जगणाऱ्या कर्व्यांना हे केवढे पाठबळ वाटले असेल! पण देणगीला अटी होत्या, मुख्य कचेरी मुंबईला नेण्याची अट त्यांतच. पुढे सर विठ्ठलदास वारले. त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांचे आणि विद्यापीठाचे अटींवरून बिनसले आणि व्याजाचा हप्ता थांबला. विद्यापीठ ओढगस्तीला आले. वृद्ध कर्वे पुन्हा मदत मागत हिंडले. अखेर तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाची कचेरी मुंबईला गेली. दाता हयात असता तर समोर बसून हे मिटले असते असे वाटते. कागदावरची अट मात्र सोडवायला बरीच वर्षे लागली. कोल्हापुरात महाराजांनी ज्याच्या त्याच्या समाजाच्या मंडळावर कारभार सोपवला होता, त्यामुळे असा पेच सहसा आला नाही.

आणि भाऊराव? त्यांच्यामागे दरबार नव्हता की रोखे नव्हते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग चालवायला घेतले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला नाव मिळाले, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग. ज्या प्रसंगामुळे त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, त्याचे उत्तर म्हणजे हे बोर्डिंग. एका पंगतीत सगळी मुले जेवत होती. पण एका जातीचे नसल्याने एका जातीचे दातेही मागे नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मुलांच्या पोटासाठी गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. त्यांच्या आधी कितीतरी संस्था अशा वळणावर बंद पडल्या असतील.

भाऊरावांनी जो मार्ग काढला तो व्यापाऱ्यांच्या जुन्या पट्टीच्या जातीचा होता. मुष्टिफंड. घरोघर दळायला बसताना बाईने मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचे. एका मुठीची किंमत ती काय, पण ती रोज पडत होती आणि हजार घरांत पडत होती. धान्याच्या रूपात असल्यामुळे महागाईने तिचे मोल घटत नव्हते, ही बाजू सहसा कोणी लक्षात घेत नाही. जोडीला मुलांचे श्रम, शेती, आणि गावोगाव लोकांनी दिलेल्या जागा. स्वातंत्र्यानंतर खेर मंत्रिमंडळाच्या काळात संस्थेचे सरकारी अनुदान थांबले तेव्हा गाडगेबाबा स्वतः रदबदली करायला गेले आणि ते पुन्हा सुरू झाले. अनुदानाचा नळ दुसऱ्याच्या हाती असतो, हे तेव्हा रयत संस्थेच्या मंडळींनी चांगले अनुभवले. मुठीचा नळ कोणाला बंद करता आला नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बोर्डिंगांच्या जगण्याचा पायाच हलला. दरबार गेला. १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला. नोंदणी, हिशेब तपासणी, धर्मादाय आयुक्त, मिळकत विकायला त्यांची परवानगी. यातला बराचसा भाग संस्थांच्या हिताचाच होता, कारण कोणा एका पंचाला जमीन परस्पर विकता येईनाशी झाली. मोठा फटका दुसरीकडून बसला. कूळकायद्याने जमिनीचा खंड शेतसाऱ्याच्या ठरावीक पटीत बांधला. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. शैक्षणिक संस्था आणि देवस्थाने यांच्या नोंदणीकृत विश्वस्त मिळकतींना, सगळे उत्पन्न त्याच कामी लावण्याच्या अटीवर, मालकीच्या कलमांतून सूट होती. खंडाच्या मर्यादेतून ती नव्हती.

कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. शाहू महाराजांचे नाव घेणाऱ्या माणसाला त्याविरुद्ध बोलता येणार नाही. पण त्याची एक किंमत ज्या मुलांनी मोजली त्यांच्याविषयी फारसे कुठे लिहिलेले आढळत नाही. सातबाऱ्यावर संस्थेचे नाव राहिले आणि खंड जुन्या आकड्यावर थिजला. ज्वारीचा, डाळीचा, रॉकेलचा भाव मात्र चढत गेला. देवस्थान जमिनींचेही असेच झाले. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे तीन हजारांवर देवळे आणि हजारो एकर जमीन आहे, पण तिची गुजराण मुख्यतः अंबाबाई आणि जोतिबाला येणाऱ्या भाविकांच्या दानावर होते, जमिनीच्या खंडावर नाही. रोख ठेवींची गत आणखी वाईट झाली. शाळेच्या फळ्यावर नाव असलेल्या कितीतरी जुन्या ठेव पारितोषिकांच्या व्याजात आज एक वहीसुद्धा येत नाही, कारण दात्याने व्याज सगळे वाटून टाकायला सांगितले होते आणि थोडे मुद्दलात घालायला सांगितले नव्हते.

मग बोर्डिंगे टिकली कशावर? माझ्या मते मुख्यतः एका गोष्टीवर, जिचा हिशेब १९०६ मध्ये कोणी मांडला नसेल. ती म्हणजे जागा. त्या वेळचा माळ पुढे शहराच्या मध्यात आला. आज दसरा चौकात उभे राहिले तर शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, सारस्वत बोर्डिंग, मिस क्लार्क बोर्डिंग अशी हाकेच्या अंतरावर उभी दिसतात. शेतीचा खंड थिजला तरी या जागेचे मोल थिजले नाही. ज्या मंडळांनी तिला भाड्यासाठी ओरबाडण्याऐवजी मुलांसाठी राखले, त्यांची संस्था जिवंत राहिली. जिथे मंडळात भांडणे शिरली, तिथे जागा असूनही खोल्या ओस पडल्या.

दुसरा आधार तिथे शिकलेल्या मुलांचा. कोणी मास्तर झाला, कोणी मामलेदार, कोणी साखर कारखान्यात अधिकारी. त्यांपैकी काहींनी निवृत्तीनंतर एखादी खोली बांधून दिली, काहींनी मृत्युपत्रात चार ओळी लिहिल्या. मृत्युपत्राने दान देणे आपल्याकडे अजून संकोचाचे आहे, कारण मरणाचा कागद घरात अशुभ वाटतो. काम तसे सोपे आहे. सही, दोन साक्षीदार, संस्थेचे नोंदणीतले पूर्ण नाव. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. मुसलमान दात्याला वारसांच्या संमतीवाचून मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच असे देता येते, आणि हयातीतच वक्फ करण्याची वाटही आहे. लहान संस्थेला यातून येणारी रक्कम बहुधा लाख-दोन लाखांची असते. पण एका गरीब मुलाच्या मेसच्या खर्चाला तिच्या व्याजातून वर्षानुवर्षे हातभार लागू शकतो. व्याजाचा चौथा हिस्सा दर साल मुद्दलात टाकायचा, एवढी एक ओळ घातली तर तो नातवंडांच्या काळातही लागत राहील.

सरकारनेही आता शहरात शिकणाऱ्या गरीब मुलांच्या राहण्या-जेवणासाठी भत्त्याच्या योजना आणल्या आहेत. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची एक आहे, शिक्षण शुल्कासाठी राजर्षी शाहूंच्या नावाची आहे. त्यांचा पसारा कुठल्याही बोर्डिंगच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि त्या हव्यातच. पण तो पैसा दर वर्षीच्या अर्थसंकल्पातून येतो, आणि जूनमध्ये कॉलेज सुरू झाले तरी खात्यात कधी पडेल हे मुलाला सांगता येत नाही. त्या मधल्या महिन्यांत भुदरगडच्या किंवा शाहूवाडीच्या डोंगरातून आलेला मुलगा अजूनही बोर्डिंगच्या कचेरीत येऊन खोली मिळेल का म्हणून विचारतो.